चिनी शाईचित्रं ‘भ्रष्ट झाली’ म्हणणाऱ्यांना उत्तर

चित्रकलेच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: चीनची शाईतली निसर्गचित्रं हजार वर्षं शुद्ध होती, विसाव्या शतकात पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्यांनी त्यांत छायाप्रकाश आणि अमूर्तता घुसडली, चिनी चित्रकार झांग दाछ्यान यांनी तर सरळ अमेरिकनांचं बघून रंग ओतले, आणि हे सगळं केलं कारण या मंडळींचा कुंचल्यावर हातच बसला नव्हता. वाचायला ठसकेबाज आहे, पण चित्रं समोर ठेवली की त्यातलं फारसं काही टिकत नाही.

शुद्धतेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. कास्तिल्योने हे इटालियन जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातले) चित्रकार 1715 मध्ये चीनला पोचले आणि तीन सम्राटांच्या दरबारात राबले. युरोपीय छायाप्रकाश चिनी रेशमावर तेव्हाच उतरला होता. पंडित-चित्रकारांनी, म्हणजे शाईत चित्रं काढणाऱ्या विद्वानांनी, त्याला जवळ केलं नाही, हे मान्य. पण विसाव्या शतकात कुणी अचानक दार फोडून आत आलं, हे चित्र खोटं आहे.

छायाप्रकाश ‘घुसडला’ या आरोपाला चित्रकार ली केरान (1907–1989) यांनी रंगवलेले डोंगर हेच उत्तर. हांगझौच्या कला अकादमीत ते आंद्रे क्लोदो या फ्रेंच शिक्षकाकडे तैलरंग शिकले, नंतर ची बाइशी आणि हुआंग बिनहोंग या जुन्या वळणाच्या गुरूंकडे शाई. तैलरंगात उजेड शेवटी, वरून लावता येतो. श्वान कागदावर, म्हणजे शाई शोषणाऱ्या पारंपरिक चिनी कागदावर, ती सोय नाही. शाईचा थेंब पडला की तंतूंमध्ये पसरतो. खरवडता येत नाही, झाकता येत नाही. उजेड हवा तर कोरा कागद पहिल्यापासून राखून ठेवावा लागतो. (पारदर्शक जलरंगात काम करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.) ली केरान शाईचे थरावर थर चढवून डोंगर जवळजवळ काळा करत, आणि त्या काळोखात धबधब्याची एक बारीक रेघ किंवा झाडांची कड तेवढी पांढरी सोडत. मागून येणाऱ्या उजेडाची नजर युरोपची, पण तो कागदावर आणायची रीत पूर्णपणे शाईची. याला घुसडणं कसं म्हणणार?

आता झांग दाछ्यान (1899–1983). त्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस ओतीव शाई सुरू केली, तेव्हा ते ब्राझीलमध्ये राहत होते आणि पश्चिमेतली अमूर्त चित्रकला जोरात होती. त्या हवेचा परिणाम झालाच नाही, असा माझा दावा नाही. पण शाई उडवून, शिंपडून तिच्यातून डोंगर काढणाऱ्या वांग मो या चित्रकाराची नोंद तांग काळातली (सातवं ते दहावं शतक) आहे, आणि झांग स्वतः त्या परंपरेचा हवाला देत. शिवाय ते ओतत काय होते? निळ्या-हिरव्या खनिजांचे रंग, म्हणजे जुन्या चिनी निसर्गचित्रांतलेच. 1941 ते 1943 या काळात वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या बौद्ध गुहांमध्ये बसून भित्तिचित्रांच्या नकला करताना ते रंग त्यांच्या हातात मुरले. त्या भित्तिचित्रांशी ताडून पाहायला ते 1950 मध्ये भारतात आले तेव्हा आपल्या अजिंठ्यालाही गेले होते. आणि त्यांची ओतीव चित्रं शेवटपर्यंत निखळ अमूर्त होत नाहीत: रंगाच्या ढगाखाली कुठेतरी कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत एखादं घर, एखादं झाड येतं आणि सगळा डाग डोंगर होऊन बसतो.

‘हात बसला नव्हता’ हा आरोप तर झांग यांच्याबाबत हास्यास्पदच आहे. जुन्या उस्तादांच्या शैलीत त्यांनी केलेल्या चित्रांनी भलेभले जाणकार फसले.

राहता राहिले चित्रकार वू ग्वानझोंग (1919–2010). ‘कुंचला आणि शाई म्हणजे शून्य’ हे त्यांचं 1992 मधलं वाक्य पुरावा म्हणून नाचवलं जातं. चीनमध्येही त्यावरून मोठा वाद पेटला. पण त्यांचं पूर्ण म्हणणं असं होतं की त्या-त्या चित्रापासून तोडलेल्या कुंचला-शाईची किंमत शून्य. त्यांनी रंगवलेली ज्यांगनानची (यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातली) गावं पाहा: भिंती म्हणजे निव्वळ कोरा कागद, छपरं म्हणजे काळ्या शाईचे दोन-चार पट्टे. पॅरिसमध्ये शिकलेली सपाट रचना तिथे आहेच, पण शाईला शून्य समजणारा माणूस असा एक पट्टा ओढून अख्खं घर उभं करूच शकला नसता.