सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप सुधारत नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. परवा पुन्हा आला, वर ‘गरजूंपर्यंत पोचवा’ असं लिहून. त्याचा मजकूर असा: ‘मुलाला ड्रग्जमुळे आर्मीतून काढलं असेल तर घाबरू नका. सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप ऑनरेबल होतो. गांजा आता लीगल आहे, बायडननी सगळ्यांना माफी दिली आहे. जनरल आणि ऑनरेबल यांत नावाचाच फरक. अदर दॅन ऑनरेबल असेल तर मात्र विसरा, व्हीए दारात उभं करत नाही. आजाराचं कारण सांगायला फौजेतलेच कागद लागतात. उगाच अर्ज केला तर आणखी खाली आणतात.’

आधी शब्द समजून घेऊ: डिस्चार्ज म्हणजे फौजेतून सुटका आणि तिच्यावरचा शेरा. ऑनरेबल सगळ्यात वरचा, जनरल त्याखालचा, अदर दॅन ऑनरेबल आणखी खालचा. व्हीए म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. पण यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि पहिल्या वाक्याने आमच्या घरातली तीन वर्षं खाल्ली. माझा भाचा बारावी होताच २०१६ मध्ये अमेरिकन फौजेत गेला. २०१८-१९ मध्ये नऊ महिने अफगाणिस्तानात होता. २०२१ मध्ये लघवीच्या चाचणीत गांजा सापडला आणि त्याला जनरल डिस्चार्ज देऊन घरी पाठवलं. ताईने हा मेसेज वाचला आणि ती वाट बघत बसली.

‘सहा महिन्यांनी आपोआप होतो.’ असा नियम नाही आणि कधी नव्हताही. आर्मीच्या बोर्डाच्या निकालांत हे वाक्य वर्षानुवर्षं येत आलंय: डिस्चार्ज आपोआप सुधारण्याचं धोरण आर्मीकडे नाही, पूर्वीही नव्हतं, प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर ठरतं. सहा महिने काय, साठ वर्षं गेली तरी कागद आहे तसाच राहतो. तो बदलायचा तर मागावा लागतो. त्यासाठी डीडी-२९३ नावाचा फॉर्म भरून आपापल्या दलाच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे पाठवायचा. याला फी नाही. मुदत डिस्चार्जच्या तारखेपासून १५ वर्षं. ती उलटून गेली, किंवा जनरल कोर्ट-मार्शलने (सगळ्यात वरच्या लष्करी न्यायालयाने) काढलं असेल, तर दुसरं दार आहे: नोंदी दुरुस्त करणारं बोर्ड आणि फॉर्म डीडी-१४९. तिथे कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती माफ करू शकतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आमच्याकडे घडली. डीडी-२१४ म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारा दाखला. त्याच्या प्रती अनेक असतात. ताईच्या फाइलमध्ये ‘मेंबर-१’ ही आखूड प्रत होती. तिच्यात खालचा भागच नसतो. नाव, हुद्दा, पदकं, कुठे शिक्षण झालं, सगळं नीट. ताई तो कागद बघायची आणि म्हणायची, ‘यात तर काही वाईट लिहिलेलंच नाही, म्हणजे झालं असेल बरोबर.’ मी भाच्याला म्हटलं, ‘मेंबर-४ कुठे आहे?’ तो काही बोलला नाही. वर जाऊन बुटांच्या खोक्यातून घडी घातलेला कागद घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. २४ नंबरचा रकाना: जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स. २८ नंबरचा: मिसकंडक्ट, ड्रग अब्यूज. ताईने ते पहिल्यांदा वाचलं ते त्या दिवशी. तुमच्याकडे लांब प्रत नसेल तर सेंट लुईसच्या नोंदणी केंद्राकडे एसएफ-१८० फॉर्म पाठवून ती मागवा. आणि निव्वळ दाखला मागू नका, पूर्ण फाइल मागा.

पूर्ण फाइल का, तर आर्मीत ‘लिमिटेड यूज’ नावाचा नियम आहे. शिपाई स्वतःहून व्यसनमुक्तीच्या मदतीला गेला असेल, तर तिथे त्याने जे कबूल केलं ते त्याच्या डिस्चार्जचा दर्जा उतरवायला वापरता येत नाही. काढून टाकण्याच्या कारवाईत सरकारी बाजूने असा पुरावा मांडला, तर डिस्चार्ज ऑनरेबलच द्यावा लागतो. प्रत्यक्षात असा एखादा कागद फाइलमध्ये जोडला गेलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. असा एक कागद सापडला तर अर्जाचं स्वरूपच बदलतं. मग तुम्ही दया मागत नसता, चूक दाखवत असता. म्हणून फाइल पानापानाने वाचायची.

‘गांजा लीगल आहे, बायडननी माफी दिली.’ न्यू जर्सीत दुकानात मिळतो, खरं आहे. पण वर्दी अंगावर असताना लागू होतो तो लष्करी कायदा, आणि त्याचं कलम ११२-अ राज्य कोणतं हे विचारत नाही. ६ ऑक्टोबर २०२२ ची बायडन यांची माफी ही केंद्रीय कायद्याखाली स्वतःपुरता गांजा बाळगण्याच्या गुन्ह्याबद्दल होती. चाचणीत पॉझिटिव्ह येऊन ज्याला प्रशासकीय कारवाईने काढलं, त्याचा डिस्चार्ज हा त्या माफीचा विषयच नव्हता. डीडी-२१४ वरची अक्षरं त्या माफीने बदलली नाहीत.

मात्र काळ बदललाय हा मुद्दा अर्जात जरूर मांडा. संरक्षण खात्याने २५ जुलै २०१८ ला काढलेल्या विल्की मेमोत म्हटलंय की आज तशाच परिस्थितीत सौम्य निकाल लागला असता, तर तेही सवलतीचं कारण होऊ शकतं. हिंसा नसलेल्या चुकांना सवलत देणं अधिक योग्य, असंही त्यात आहे. नंतरचं वागणं कसं आहे हे बघायचं, पण त्यासाठी मोठी पदवी किंवा बडी नोकरी मिळवलेली असायला हवी असं नाही. आपल्या लोकांना हे खास सांगावंसं वाटतं. आपण लगेच म्हणतो, आधी मुलगा काहीतरी करून दाखवू दे, मग अर्ज करू.

‘जनरल आणि ऑनरेबल यांत नावाचाच फरक.’ पोस्ट-९/११ जीआय बिल या माजी सैनिकांच्या शिक्षण-योजनेखाली कॉलेजची फी आणि घरभाडं मिळायला ऑनरेबल डिस्चार्ज लागतो. जनरलवर व्हीएचा दवाखाना मिळतो, अपंगत्वाचा भत्ता मिळू शकतो, घराचं कर्ज मिळू शकतं, पण शिक्षण नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा फरक आहे. शिवाय नुसता दर्जा सुधारून मागितला, तर २८ नंबरच्या रकान्यातलं ‘ड्रग अब्यूज’ तसंच राहू शकतं आणि नोकरी देणारा तेच वाचतो. अर्जात दर्जा, कारण, सेपरेशन कोड (काढण्याच्या कारणाची सांकेतिक अक्षरं) आणि पुन्हा भरतीचा कोड, चारही बदलून मागायचे. कारणाच्या जागी ‘सेक्रेटेरियल ऑथॉरिटी’ (म्हणजे खात्याच्या प्रमुखांच्या अधिकारात) असं मागतात.

‘अदर दॅन ऑनरेबल असेल तर विसरा.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते वाचून कोणीतरी मदत मागायचं थांबेल. व्हीए स्वतःची वेगळी चौकशी करून ठरवतं की हा माणूस पात्र आहे की नाही, आणि त्यासाठी फौजेच्या बोर्डाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. २०२४ मध्ये त्या चौकशीचे नियम बदलले. आता मानसिक आजार, युद्धातले अनुभव अशी परिस्थिती विचारात घेतात. ज्याने शंभराहून जास्त दिवस सेवा करून युद्धक्षेत्रात काम केलंय, किंवा ज्याच्यावर सेवेत लैंगिक अत्याचार झालाय, त्याला अदर दॅन ऑनरेबल असूनही मानसिक उपचार मिळतात. आणि कोणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील, तर ९८८ लावून १ दाबायचं. तिथे डिस्चार्जचा कागद आधी मागत नाहीत.

आता आजाराचं. ‘फौजेतलेच कागद लागतात’ हे २०१४ पूर्वी किमान अनुभवाला धरून होतं. पीटीएसडीचं (भयंकर अनुभवानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचं) निदान फौजेत झालं नसेल तर बोर्डं अर्ज सरळ फेटाळत. ३ सप्टेंबर २०१४ ला संरक्षणमंत्री चक हेगल यांनी बोर्डांना सांगितलं की अशा अर्जांकडे उदारपणे बघा. २५ ऑगस्ट २०१७ च्या कुर्टा मेमोने त्याला नेमका आकार दिला. बोर्डाने चार प्रश्न विचारायचे: चुकीचं गांभीर्य कमी करणारा आजार किंवा अनुभव होता का, तो सेवेच्या काळातला होता का, त्याने खरोखरच गांभीर्य कमी होतं का, आणि तो डिस्चार्जपेक्षा जड ठरतो का. नशा करणं हेच आजाराचं चिन्ह असू शकतं, असं त्यात स्पष्ट आहे. पुरावा नंतरच्या डॉक्टरचा चालतो, घरच्यांचा चालतो, आणि माणसाचं स्वतःचं निवेदन एकटंही पुरेसं ठरू शकतं. ऑनरेबल डिस्चार्जसाठी सेवा अगदी निर्दोष असायला हवी असंही नाही. अर्थात उदारपणे बघणं म्हणजे हमखास होकार नव्हे. ठरवून केलेल्या गैरवर्तनाला आजाराचं कारण सहसा चालत नाही. माल विकणाऱ्याचं आणि झोप लागावी म्हणून ओढणाऱ्याचं प्रकरण एक नाही.

हे कागदावरच राहिलं असतं, जर लोक कोर्टात गेले नसते. टायसन मॅन्कर हा मरीन २००३ मध्ये इराकमध्ये लढला. परतल्यावर मनावरच्या जखमा सोसत नव्हत्या म्हणून गांजा ओढला, आणि अदर दॅन ऑनरेबलने बाहेर पडला. पुढे तो वकील झाला. २०१८ मध्ये त्याने येल विद्यापीठाच्या कायदा-क्लिनिकच्या मदतीने नौदलाविरुद्ध अशा सगळ्या माजी सैनिकांच्या वतीने दावा लावला. २०२२ मध्ये तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली आणि नौदलाला जुने नकार पुन्हा तपासायचं मान्य करावं लागलं. आर्मीविरुद्धच्या केनेडी दाव्यात तसंच २०२१ मध्ये झालं. ज्यांना त्या काळात एकदा ‘नाही’ आलंय, त्यांनी तो शेवटचा शब्द मानू नये. पहिला अर्ज कागदांवर फेटाळला गेला असेल, तर १५ वर्षांच्या आत प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. मंडळ समोर बसतं, निकाल बहुमताने होतो.

‘आणखी खाली आणतात’ याचं उत्तर एका ओळीचं आहे: रिव्ह्यू बोर्डाला डिस्चार्ज आहे त्यापेक्षा वाईट करता येत नाही.

मेसेजमध्ये जे नाहीच, ते आपल्यासाठी जास्त धोक्याचं आहे. भारतातून विद्यार्थी म्हणून आलेली कित्येक मुलं मॅव्हनी योजनेतून (ग्रीन कार्ड नसलेल्या, पण खास कौशल्य असलेल्या परदेशी लोकांना भरती करणाऱ्या) फौजेत गेली. ही योजना २०१६ मध्ये थांबली. सेवेच्या बळावर त्यांना नागरिकत्व मिळालं. ते नागरिकत्व पाच वर्षांची सन्मान्य सेवा होण्याआधी अदर दॅन ऑनरेबल किंवा त्याखालचा डिस्चार्ज मिळाला तर काढून घेता येतं. तिथे जनरलपर्यंत सुधारणा झाली तरी फार मोठा फरक पडतो. आणि जो अजून नागरिक नाही त्याने बोर्डाला ‘मी ड्रग्ज घेतले’ असं सहीनिशी लिहिण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. ती कबुली ग्रीन कार्डाच्या किंवा व्हिसाच्या वेळी उलटू शकते. आमच्या ग्रुपमध्ये असं एक घर आहे, म्हणून हे एवढं जोर देऊन लिहितोय.

पैशांबद्दलही बोलतो. एका सल्लागाराने ताईकडे ‘गॅरंटी’ म्हणून आगाऊ रक्कम मागितली होती. गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. अमेरिकन लीजन, डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स यांसारख्या संस्था फुकट मदत करतात, तशीच कायद्याच्या कॉलेजांतली क्लिनिकं. आम्हाला आमच्या काउंटीच्या व्हेटरन्स ऑफिसरने रस्ता दाखवला.

त्यांनीच ताईला विचारलं की मुलगा परत आल्यावर घरात तुम्हाला काय वेगळं दिसलं, ते लिहाल का. ताई म्हणाली मला इंग्रजीत जमणार नाही. मी म्हटलं, ‘तू मराठीत लिही, मी भाषांतर करतो.’ तिने दीड पान लिहिलं. कुकरची शिट्टी झाली की तो जेवणावरून उठून मागच्या अंगणात जायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. थंडीतसुद्धा, बिनचपलांचा. म्हणून तिने कुकर माळ्यावर टाकला आणि गेली चार वर्षं भात पातेल्यात करते आहे. रात्री तळघरातला टीव्ही बंद केला की तो जागा व्हायचा. गांजाचा वास तिला आधीच आला होता, पण त्या दिवसांत तो निदान झोपत तरी होता, म्हणून ती काही बोलली नाही. हे वाक्य खोडू का, असं तिने मला विचारलं. मी नको म्हटलं.

मूळ मराठी आणि खाली माझ्या सहीचं भाषांतर, दोन्ही अर्जाला जोडली. सोबत मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आणि मेंबर-४ प्रत. भाच्याची १५ वर्षं २०३६ मध्ये भरतात. अर्ज गेल्या महिन्यात पोस्टात टाकला.