‘थेट पीएचडी’ ऐकून चौथ्या वर्षाच्या फॉर्मवर टिक करू नका

आज दुपारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. ‘ऑनर्स विथ रिसर्च’समोर, म्हणजे पदवीच्या चौथ्या वर्षाच्या संशोधनाच्या पर्यायासमोर टिक, खाली वडिलांची सही. का घेतेस विचारलं, तर म्हणाली, “पीएचडी थेट करता येते ना, म्हणजे प्राध्यापक लवकर होता येईल.” तेव्हापासून संताप होतोय, आणि तो तिच्यावर नाही.

तीन वर्षांच्या पदवीला चौथं वर्ष जोडता येणारं नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून ‘थेट पीएचडी’ हे दोन शब्द पोरांच्या कानात घातले जातायत. पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीवर प्रवेश मिळू शकतो, पण 75 टक्के लागतात. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना त्यात 5 टक्क्यांची सवलत आहे. 2024पासून या मुलांना नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षाही देता येते, मात्र ती जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) आणि पीएचडी प्रवेशापुरती. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत पदव्युत्तर पदवी आहे, तीही 55 टक्क्यांनी. म्हणजे त्या मुलीला ज्यासाठी टिक करायची होती, ते त्या टिकेने मिळतच नाही! जानेवारी 2025मध्ये आलेल्या यूजीसीच्या नव्या नियमांच्या मसुद्यात चार वर्षांची पदवी अधिक पीएचडी ही वाट दाखवली होती, हे मान्य. पण मसुद्याच्या भरवशावर पोरीचं वर्ष लावायचं?

आता वर्षांचा हिशेब. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एमए-एमएस्सी, एकूण पाच. चार वर्षांचं ऑनर्स आणि एक वर्षाचं एमए-एमएस्सी, तरीही पाचच. मास्टर्स करायचंच असेल तर एक दिवससुद्धा वाचत नाही. उलट तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडलात तर विद्यापीठ बदलायची, चांगला विभाग गाठायची संधी एक वर्ष आधी मिळते. दोन वर्षांच्या मास्टर्समधून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडावं लागलं, तर हातात पीजी डिप्लोमा तरी असतो. एक वर्षाचं मास्टर्स मात्र तुमच्या विषयात, तुम्हाला जिथे जायचंय त्या विद्यापीठात खरंच सुरू आहे का, हे आधी विचारावं लागतं. माहितीपत्रकात छापलेलं असणं आणि वर्ग भरणं यात फरक आहे.

रिसर्च ऑनर्सच्या आत काय असतं, तेही ऐका. पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के हवेत. त्या मुलीचे पाच सत्रांचे 76 आहेत. सहावं सत्र घसरलं तर रिसर्चची वाट बंद, साधं ऑनर्स उरतं. त्यात सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी) 7.5 म्हणजे 75 टक्के असं धरून चालणारे ढीगभर. टक्केवारीचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. ते गुणपत्रिकेच्या मागे किंवा परिपत्रकात असतं, काढून वाचा.

चौथ्या वर्षात 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. प्रात्यक्षिकाचं 1 क्रेडिट म्हणजे 30 तास, त्या मापाने 360 तास. दोन सत्रांचे 30 आठवडे धरले तर आठवड्याला 12 तास, तेही बाकीचे पेपर सांभाळून. हे फसतं ते बहुतेक वेळा विषय उशिरा ठरल्यामुळे. सातवं सत्र सुरू झाल्यावर गाइड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, शोधायचा, दिवाळीपर्यंत विषय बदलत राहायचा, मग फेब्रुवारीत घाईघाईने प्रश्नावली वाटायची. प्रयोगाच्या विषयांत तर रसायनं आणि उपकरणं हाताशी येईपर्यंत अर्धं सत्र जातं. विषय आणि गाइड सहाव्या सत्राच्या परीक्षेआधी पक्का हवा.

आणि गाइड आहेत तरी का? यूजीसीच्या 2022च्या आराखड्यात स्पष्ट लिहिलंय, की रिसर्च ऑनर्स चालवणाऱ्या विभागात पीएचडी मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. शिवाय ग्रंथालय, जर्नल्स, प्रयोगशाळा. मी तिला एवढंच विचारलं, “तुमच्या विभागात कायम किती?” तिने बोटं मोजली आणि गप्प बसली. पोरं बोटं मोजतात, कारण जागा भरल्याच जात नाहीत. हा राग कुठे काढायचा?

असो. चौथं वर्ष वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. परदेशात मास्टर्सला जायचं असेल तर अनेक विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, तिथे हे वर्ष कामाला येतं. संशोधनाची खरी ओढ असेल आणि गाइड चांगला असेल, तर मास्टर्सआधी एक प्रकल्प तडीस नेल्याचा फायदा आयुष्यभर पुरतो. पण एमपीएससी, यूपीएससी करायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. बीएडलाही पुरते. त्यांनी हे वर्ष अभ्यासाला द्यावं.

त्या मुलीला हे सगळं सांगितल्यावर ती रडवेली झाली नाही, उलट वही काढून लिहायला लागली. तेव्हा माझा राग जरा ओसरला. तिला खरंच शिकायचंय, फक्त वाट कुणी नीट दाखवली नव्हती. फॉर्म तिने परत नेलाय. सोमवारी विभागप्रमुखांना ती तीन गोष्टी विचारणार आहे: मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोण, त्यांच्याकडे आधीच किती विद्यार्थी आहेत, आणि एक वर्षाचं एमएस्सी या विषयात सुरू आहे का. अपार आयडीत (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींच्या ऑनलाइन खात्यात) तिच्या पाचही सत्रांची क्रेडिट जमा दिसतायत का, हे आज रात्रीच बघते म्हणाली. मागच्या वर्षीचं एक सत्र तिथे अजून दिसत नव्हतं. ते राहिलं तर टिक कुठेही करा, पदवी अडते.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तुमच्या घरातलं कुणी तिसऱ्या वर्षाला असेल तर त्याला आजच हे वाचायला द्या.