हेल्परलाच बावळट ठरवायचं असेल तर ते नाटक नको

आज कंपनीत सेफ्टी ट्रेनिंग होतं. कॅन्टीनची टेबलं भिंतीला, समोर प्रोजेक्टर, बॅनर, कांदेपोहे. ट्रेनर सर पुण्याचे. या खेपेला स्लाइड कमी आणि 'रोल प्ले' जास्त, असं आधीच सांगितलं होतं. मी खूश झालो की! शिवजयंतीच्या चित्ररथावर दाढ्या चिकटवत अर्धं आयुष्य गेलं, नाटक म्हटलं की कान टवकारणारच.

आणि काय केलं? फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या खात्यातल्या, एका हेल्परला पुढं बोलावलं. तू हेल्मेट न घालणारा, मोबाईल बघत काम करणारा कामगार. आणि सुपरवायझर साहेब, तुम्ही त्याला समजावणारे. पोरगं बैलहोंगल बाजूचं, मराठी जेमतेम. रिकामा हात कानाला लावून उभं राहिलं. सगळे हसले. साहेबांनी पाठ केल्यासारखं भाषण दिलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि चहा यायच्या आत ग्रुपवर पडलेसुद्धा. पोरगं जाग्यावर येऊन बसलं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत मान खाली घालून. त्याचं हेल्मेट मी रोज बघतो, घातलेलं असतं.

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. याला नाटकातून प्रशिक्षण म्हणायचं? चारचौघांत एकाची फजिती करायची आणि अटेंडन्स शीटवर सह्या घ्यायच्या!

मी खरं बघितलंय म्हणून जास्त राग येतो. इथंच बेळगावच्या उद्यमबागेत, मी आधी होतो त्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात. धारवाडचा एक नाटकवाला तरुण आणि त्याचे दोन सोबती आले होते. आल्या आल्या त्यांनी माईक मागितला नाही. आधी नाइट शिफ्टला येऊन भट्टीपाशी उभे राहिले, कोण कुणाला काय बोलतं ते ऐकलं. मग दहा मिनिटांचा प्रसंग बसवला. रात्रीची वेळ, हीट म्हणजे भट्टीतला वितळलेला धातू तयार, पण तो ज्यातून ओतायचा ती लॅडल नीट तापवलेली नाही, तिचं आतलं अस्तर ओलसर. गाडी सकाळी सुटायची आहे, सुपरवायझर ओरडतोय. हेल्परला दिसतंय सगळं, पण तो गप्प. धातू ओततात आणि उडतो. तिथं प्रसंग संपला.

फाउंड्रीतल्या लोकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चौदाशे डिग्रीच्या आसपास असतं. त्याखाली ओल सापडली की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा ती तुमच्या अंगावरून करून घेते. स्लाइडवर हे एका ओळीत असतं, 'लॅडल प्रीहीट करा'. करा की. पण समोर साहेब घड्याळ दाखवत उभा असताना कसं करायचं, ते कुठल्या स्लाइडवर असतं?

तर त्या धारवाडच्या पोरानं सांगितलं, आता हेच परत करणार. ज्याला वाटेल त्यानं 'थांबा' म्हणायचं आणि हेल्परच्या जागी स्वतः येऊन उभं राहायचं. पहिला आला आमचा युनियनवाला. म्हणाला, मी ओतणार नाही. सुपरवायझर झालेला नट म्हणाला, मग घरी जा, उद्या येऊ नकोस. आमचा गडी तिथंच अडकला. दुसरा आला, तो विनवणी करायला लागला, त्यालाही उडवून लावलं. हॉलमध्ये हसू होतं, पण आजच्यासारखं नव्हतं. जो तो मनात म्हणत होता, मी असतो तर काय केलं असतं.

मग उठला गोकाककडचा एक हेल्पर. त्याला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. आला, भांडला नाही. खोटी लॅडल बर्नरखाली सरकवली, शिफ्टचं लॉगबुक उचलून सुपरवायझरपुढं धरलं आणि म्हणाला, "ल्याडल हसी ऐति सर. इल्ली बरदु सही माड्री." लॅडल ओली आहे, इथं लिहा आणि सही करा. नट कसलेला, पण त्याला काही सुचेना. प्रेक्षकांत बसलेला आमचा खरा सुपरवायझर उभा राहून म्हणाला, "मी काय असा बोलत नाही हां!" मग जो हशा झाला! पुढच्या आठवड्यात लॉगशीटवर एक नवा रकाना आला, लॅडल तपासली, कुणी, किती वाजता.

हे त्या पोराच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. ब्राझीलचा ऑगस्तो बोआल, त्याची ही पद्धत. गडी शिकलेला केमिकल इंजिनीअर, पुढं नाटकात आला. 1971 मध्ये लष्करी सरकारनं पकडून छळ केला, मग देश सोडावा लागला. पेरूमध्ये काम करताना एका बाईला नटांनी तिचं म्हणणं करून दाखवलं, पण ते काही तिला पटेना. शेवटी ती स्वतःच मंचावर चढली. तिथून हा प्रकार वाढला. त्यात एक पथ्य आहे, आणि आमचे ट्रेनर सर नेमकं तेच विसरले. जो दाबला जातोय त्याच्या जागी उभं राहून वाट शोधायची असते. दाबणाऱ्याला शहाणा ठरवायला हे नाटक नाही.

आता कुणी म्हणेल, शिफ्टमधले दोन तास गेले की उत्पादन बुडतं. बुडतं, मान्य. सगळ्यांना पुढं येऊन बोलायला जमत नाही, हेही खरं. आणि काही विषय आपल्याच माणसांकडून करून घेऊच नयेत. बायकांच्या छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, त्याखाली मालकानं कार्यशाळा घ्यायच्या असतात. तिथं पॅकिंगमधल्या पोरीला उभी करून 'तू पीडित हो' म्हणणं हा निव्वळ अत्याचार आहे. तिथं बाहेरचे नट आणा, पैसे मोजा.

पण आमच्या माणसांना नाटक कळत नाही, असं मात्र म्हणू नका. कॅन्टीनमध्ये ट्रेनर सर म्हणाले, "इकडं लोक जरा लाजाळू आहेत." सर, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, 1843 मध्ये. गोकाक भागात श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य बघायला रात्रभर माणसं बसायची. आणि वैशाखात एकदा बेळगावात या. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर अफझलखानाचा कोथळा काढणारी, रात्री दोन वाजता घसा बसला तरी संवाद म्हणणारी पोरं कोण असतात? दिवसभर मोल्डिंग आणि मशीन शॉपवर राबणारीच असतात. ती लाजत नाहीत. साहेबांसमोर साहेबांचंच कौतुक करायचं असलं की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, एवढंच.

जेवणानंतर आजच्या त्या हेल्पर पोराला चहाला घेऊन गेलो. म्हटलं, तुला प्रसंग बसवायला सांगितला असता तर काय दाखवलं असतंस? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ग्राइंडरचा गार्ड तुटलाय, तीनदा सांगितलं, स्टोअरवाले म्हणतात इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, आण, सुपरवायझर म्हणतो आधी माल काढ. बघा! अख्खा प्रसंग तयार आहे, पात्रांसकट. ट्रेनर सरांनी दोन मिनिटं विचारलं असतं तर गार्डसुद्धा बसला असता.

उद्या एचआरला भेटून ग्रुपवरचे ते फोटो काढायला सांगणार आहे, आणि गार्डचं इंडेंट मीच लिहून देणार आहे. दसऱ्यानंतर एक प्रसंग आपण बसवू म्हणतो, मंडळाच्या हॉलमध्ये तालीम करू, मग कंपनीला सांगू. कन्नड आणि मराठी दोन्ही फाडफाड बोलणारा, वयानं जरा थोराड, सुपरवायझर शोभेल असा कुणी नट ओळखीत असेल तर कळवा. मानधन फार नाही, बसभाडं आणि जेवण नक्की. हेल्परचं काम करायला मात्र प्लांट मॅनेजरांनाच विचारणार आहे.