व्हर्च्युअल लॅब आली म्हणून प्रयोगशाळेला कुलूप नको

शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक युक्तिवाद वारंवार फिरतो. फेट या संकेतस्थळावरची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर चालवून पाहायचे प्रयोग, फुकट आहेत, ओलॅब्स या ऑनलाइन प्रयोगशाळेत नववी ते बारावीचे प्रयोग आहेत, मग काचसामान, रसायने आणि प्रयोगशाळा सहायकावर खर्च कशाला? संगणकावर प्रयोग चुकत नाही, काही फुटत नाही, प्रत्येक मुलाला तो करता येतो, शिवाय संशोधनही हेच सांगते. यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती लोकांना पटतात.

आधी संशोधनाचे पाहू. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटाचा २००५ सालचा एक अभ्यास आहे. त्यात विद्युत परिपथ सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी, खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली दिली, आणि नंतर खरा परिपथही चांगला जोडून दाखवला. हा निकाल खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण ते विद्यार्थी विद्यापीठातले होते, विषय साध्या परिपथांचा होता, आणि परिपथ जोडण्याची कसोटी खऱ्या तारा आणि खरे बल्ब देऊनच घेतली होती. तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन टेबलावर कधीच दिसत नाहीत, सिम्युलेशनमध्ये दिसतात, त्याचा फायदा झाला. यावरून सिम्युलेशन वापरा असे नक्की म्हणता येते. नववीच्या प्रयोगशाळेला टाळे लावा, असे त्यात कुठेही नाही.

‘संगणकावर प्रयोग चुकत नाही.’ हे खरे आहे, आणि नेमकी हीच उणीव आहे.

नववीतला ओहमचा नियम घ्या. १०० ओहमचा रोधक आणि १.५ व्होल्टचे एक, दोन, तीन, चार सेल जोडत गेलो की पडद्यावर १५, ३०, ४५, ६० मिलीअँपिअर येतात आणि रेषा आरंभबिंदूतून सरळ जाते. टेबलावर तसे होत नाही. सोनेरी पट्ट्याचा, म्हणजे पाच टक्के कमी-जास्त चालणारा, रोधक ९५ ते १०५ ओहममध्ये कुठेही असू शकतो. वापरलेला सेल मोकळा असताना १.५ व्होल्ट दाखवतो आणि परिपथात जोडताच खाली येतो. सहा व्होल्टला या रोधकात ०.३६ वॉट उष्णता तयार होते, त्यामुळे पाव वॉटचा रोधक हाताला चटका देतो. अर्ध्या वॉटचाच घ्यावा आणि रीडिंग घेऊन झाले की कळ उघडावी. रोधकाऐवजी बॅटरीच्या टोकांना व्होल्टमीटर लावला तर अ‍ॅमीटर आणि गंजलेल्या चिमट्यांचा रोधही हिशेबात शिरतो. १०० ओहमपुढे तो फारसा जाणवत नाही, आठ-दहा ओहमच्या तारेचा रोध मोजताना मात्र उत्तर बिघडवतो.

मग रोधक काढून आणि दोनच सेल ठेवून टॉर्चचा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा जुना तंतूचा बल्ब लावा. भागाकार केला तर पेटलेल्या बल्बचा रोध ८.३ ओहम येतो. तोच बल्ब विझवून मल्टिमीटरने मोजला तर जेमतेम एक ओहमच्या आसपास! मुले आधी मल्टिमीटरला दोष देतात. तंतू तापला की टंगस्टनचा रोध कित्येक पट वाढतो, त्यामुळे आलेख वाकतो. नियमातले ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ हे शब्द सगळे पाठ करतात, त्यांचा अर्थ इथे हाती लागतो. हे पाहून झाल्यावर फेटचे परिपथाचे सिम्युलेशन उघडावे, त्यातल्या प्रगत पर्यायात बॅटरीचा अंतर्गत रोध शून्यावरून वाढवावा आणि टेबलावर व्होल्टेज का पडले ते तिथे पडताळावे. आधी टेबल, मग पडदा, हा क्रम या प्रयोगाला फार मानवतो. तयार रीडिंग जर्नलमध्ये उतरवून घेणाऱ्या मुलाला यातले काहीच भेटत नाही.

या सगळ्या चर्चेत संगणक म्हणजे फक्त सिम्युलेशन, असे गृहीत धरलेले असते. विज्ञानाच्या तासाला संगणकाचा सर्वांत मोलाचा उपयोग मोजमापाचे साधन म्हणून आहे. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले एक्सपआइज हे संगणकाला जोडायचे मोजमापाचे उपकरण यूएसबीवर चालते आणि व्होल्टेजचा आलेख तिथल्या तिथे काढते. आलेख त्याच क्षणी उमटण्याला महत्त्व आहे. हेदर ब्रासेल यांच्या १९८७ सालच्या अभ्यासात, हालचालीचा आलेख २०-३० सेकंद उशिरा दाखवला एवढ्यानेच शिकण्यातला बराचसा फायदा गेला होता.

एक्सपआइज नसेल तर दोन मोबाइल पुरतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाच्या फायफॉक्स या मोफत अ‍ॅपमध्ये आवाजाने सुरू आणि बंद होणारे स्टॉपवॉच आहे. दोन्ही फोन टेपने मोजून ५ मीटरवर ठेवा. पहिल्या फोनजवळ टाळी वाजवा, दोन-तीन सेकंदांनी दुसऱ्याजवळ. दोन्ही फोनवर वेगवेगळी वेळ येईल. त्यांतला फरक म्हणजे आवाजाला ५ मीटर एकदा तिकडे आणि एकदा इकडे, असे १० मीटर जायला लागलेला वेळ. ३० अंश सेल्सिअसला तो ०.०२९ सेकंदाच्या आसपास यायला हवा, कारण वेग सुमारे ३४९ मीटर प्रतिसेकंद असतो. आवाजाची मर्यादा फार कमी ठेवली तर पंख्यानेच घड्याळ सुरू होते, फार जास्त ठेवली तर लांबची टाळी ऐकूच जात नाही. बंद खोलीत प्रतिध्वनीने ते लगेच थांबते, म्हणून किमान विलंब वाढवावा किंवा मैदानात जावे. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो उभे राहण्याच्या जागेवरून. दोन्ही मुले फोनच्या आतल्या बाजूला ३० सेंटिमीटर सरकून टाळी वाजवत असतील, तर आवाजाच्या वाटेतला फरक ५ ऐवजी ४.४ मीटर होतो आणि वेग ३९७ च्या घरात जातो. उत्तर का फुगले हे वर्गाने स्वतः शोधून काढले, तर तो तास सार्थकी लागला.

‘प्रत्येक मुलाला करता येतो.’ वर्गात साठ मुले आणि चालू स्थितीतले संगणक दहा असतील तर वाट्याला माउस येतो तो एकाच्या, बाकीची पाच बघत बसतात. त्यापेक्षा एक प्रोजेक्टर बरा. बटण दाबण्याआधी पाच मिनिटे प्रत्येकाने वहीत अंदाज आणि कारण लिहायचे, हात वर करून मोजणी घ्यायची, मगच सिम्युलेशन चालवायचे. अंदाज लिहून न घेता दाखवले की सगळेच म्हणतात, आम्हाला माहीत होते.

काही गोष्टींत पडद्याला पर्यायच नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ग्रहांच्या कक्षा, वायूतल्या रेणूंची धावपळ, किरणोत्सार हे सगळे शाळेच्या टेबलावर येणार नाही.

‘फुकट आहे’ हे शेवटचे विधान. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते चालते ठेवायला माणूस लागतो. अनेक शाळांतल्या जुन्या सीडी फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या आहेत आणि फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. विंडोज ७ वर क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. फेटची नवी सिम्युलेशन मात्र एकेका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवता येतात, बरीचशी मराठीतही. ती पेन ड्राइव्हवर घेऊन प्रत्येक संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवली की नेटची गरज उरत नाही. तासाच्या आदल्या दिवशी प्रत्येक यंत्रावर फाइल एकदा उघडून पाहावी. जिथे पान कोरे दिसते तिथे ब्राउझर जुना असण्याची शक्यता मोठी, आणि ती दुरुस्ती तास सुरू झाल्यावर होत नाही.