ठसाच तर मारायचा असतो!

"मग यात तुझं काय?"

परवा भर समारंभात मला हा प्रश्न विचारला गेला आणि तो अजून माझ्या घशात अडकून बसलाय. प्रसंग साधाच. मावशीचा साठावा वाढदिवस. मी घरी बनवलेलं फुलांचं शुभेच्छापत्र तिला दिलं. "अगं बाई, किती गोड!" म्हणत तिने ते शेजारच्या खुर्चीकडे सरकवलं. त्या खुर्चीत तिच्या नणंदेचे यजमान बसले होते. सगळे त्यांना काका म्हणतात. काकांचा उभा जन्म कारखान्यात मालाची तपासणी करण्यात गेला. काका निवृत्त झाले. माल नापास करायची सवय मात्र अजून नोकरीत आहे.

काकांनी आधी चष्मा बदलला. कार्ड डोळ्यांसमोर आडवं धरून कागदाला बाक आलाय का ते पाहिलं. आला नव्हता. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद उगाच बाक धरत नाही. मग नखाने कड खरवडून पाहिली. आणि मग, लिहितानाही माझे दात शिवशिवतात, त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि गुलाबी पाकळीवर घासला.

"रंग जातोय," काका म्हणाले. आवाजात केवढं समाधान!

"काका, ती डाय इंक आहे. ओलं बोट लावलं की पसरणारच."

"म्हणजे कच्चा रंग."

"कच्चा नाही हो. ही शाई कागदात मुरते, पटकन वाळते, पाकळीला छटा छान येते. दुसरी पिगमेंट इंक असते, ती कागदाच्या वर बसते, वाळायला वेळ घेते..."

"पण धुतली तर जाते की नाही?"

"शुभेच्छापत्र कोण धुतं, काका?"

"मी एक आपलं विचारतोय."

शुभेच्छापत्राशी जिभेचा संबंध येतो तो फक्त पाकीट चिकटवताना, असा माझा आजवरचा समज होता. मी टिश्यूने अंगठ्याचा डाग टिपायला गेले, तर काकांनी कार्ड माझ्यापासून लांब धरलं. तपासणी चालू असताना उत्पादकाने मालाला हात लावायचा नसतो म्हणे.

"हे फूल तू काढलंस?"

"ठशाने उमटवलंय."

"ठसा तू कोरलास?"

"नाही, विकत मिळतो."

"आणि ही बारीक पानं?"

"स्टेन्सिल. कापलेल्या आकारांतून शाई लावायची."

"ती?"

"विकतची."

"शाई विकतची, कागद विकतचा." काकांनी एकेक बोट मिटत नेलं. पाचव्या बोटाला मिटायला काही उरलं नाही, तेव्हा ते त्यांनी माझ्याकडे रोखलं. "मग यात तुझं काय?"

सगळे हसले. माझा नवराही हसला, आणि तो जरा जास्तच वेळ हसला. त्याचा हिशेब वेगळा होईल.

यात माझं काय, ते ऐकाच आता. तिथे कुणी ऐकून घेतलं नाही. सिलिकॉनसारखा दिसणारा तो पारदर्शक ठसा नवा असताना शाई धरतच नाही. त्याच्या अंगावर बनवतानाचा तुकतुकीत थर असतो, शाईचे थेंब होऊन ती गोळा होते. मग खोडरबराने त्याला हलक्या हाताने घासायचं. अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर तो चिकटवायचा, इंकपॅड त्याच्यावर टेकवत टेकवत शाई चढवायची. जास्त झाली की नाजूक रेषा बुजतात, कमी झाली की पाकळीला टक्कल पडतं. मग श्वास रोखून दाबायचं आणि सरळ वर उचलायचं. मनगट एवढंसं हललं की एका फुलाची दोन फुलं दिसायला लागतात आणि बघणारा स्वतःचे डोळे चोळतो.

हे झालं एका ठशाचं. माझं फूल तीन ठशांचं होतं. आधी फिकट गुलाबी, त्यावर मधली छटा, त्यावर गडद शिरा. तिन्ही एकमेकांवर नेमके बसायला हवेत. बरं, एक फूल पुढे आणि दुसरं त्याच्या मागून डोकावतंय असं दाखवायचं असेल तर पुढचं फूल आधी उमटवायचं. तेच फूल चिकट चिठ्ठीच्या कागदावर पुन्हा उमटवून कात्रीने कडेकडेने कापायचं, ती चिठ्ठी पहिल्या फुलावर झाकण म्हणून बसवायची आणि मग निम्मं तिच्यावर, निम्मं कागदावर असं मागचं फूल मारायचं. चिठ्ठी काढली की मागचं फूल खरोखर मागे गेलेलं असतं. मला हा क्षण फार आवडतो. घरात कुणाला बोलावून दाखवावा, तर "हो, छान" असं मोबाइलमधून मान वर न करता म्हटलं जातं.

स्टेन्सिलचा छळ निराळा. ब्रश जवळजवळ कोरडा हवा आणि तो कडेकडून आत गोल गोल फिरवायचा. घाई केलीत की शाई कडेखाली शिरते आणि पानाला मिशा फुटतात.

पण खरा राग मला याचाही नाही. राग आहे तो 'व'चा.

फुलांचे ठसे ढिगाने मिळतात, पण त्यांच्या जोडीला येणारा मजकूर बहुतेक इंग्रजी असतो. मावशीला मला 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' द्यायच्या होत्या. म्हणून मी ती अक्षरं स्वतः काढली, प्लास्टिकच्या पातळ तावावर गिरवली आणि कटरने कोरली. ज्याला शंका असेल त्याने एकदा देवनागरीची स्टेन्सिल कापून पाहावी. शिरोरेषा कापली की वरून सलग फट पडते आणि ताव लोंबायला लागतो. 'व'चं गोल पोट कापायला घ्यावं तर पोटातला तुकडाच गळून पडतो, अन् 'व'च्या जागी नुसतं भोक उरतं. तो तुकडा जागेवर राहावा म्हणून त्याला बाजूच्या तावाशी जोडणारे बारीक पूल ठेवावे लागतात. पुलाखाली शाई लागत नाही, म्हणून कागदावर तिथे पांढरी चीर दिसते. असं बंद पोट असलेल्या स्टेन्सिलच्या अक्षरांत ती सहसा असतेच. खोक्यांवरची, पेट्यांवरची अक्षरं पाहा.

तर काकांनी कार्ड उघडलं. ती दोन 'व' असलेली ओळ, त्या कार्डातली एकमेव गोष्ट जी नखशिखांत माझी होती, त्यांनी बोटाखाली घेतली आणि म्हणाले, "इथे बघ, अक्षरं तुटलीत. छपाई नीट नाही आली."

मी काही बोलले नाही. मोठ्या माणसांना उलट बोलू नये हे ज्यांनी शिकवलं ते सगळे समोर बसले होते.

नाही तर मी त्यांना हेन्री कोल यांची गोष्ट सांगितली असती. विकायला म्हणून काढलेलं पहिलं ख्रिसमस कार्ड लंडनच्या या गृहस्थांनी 1843 साली छापून घेतलं. कारण काय, तर नाताळात इतक्या जणांना पत्रं लिहायला त्यांना सवड नव्हती. 1840 साली एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली, म्हणून पत्रांचा ढीग वाढला होता आणि ती सोय आणण्यात खुद्द कोल यांचा हात होता, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार! त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापून हाताने रंगवून घेतल्या आणि एकेक शिलिंगला विकायला ठेवल्या. चित्र दुसऱ्याचं, छपाई दुसऱ्याची, रंग भरणारा हात दुसऱ्याचा. तरी पावणेदोनशे वर्षं नाव कोल यांचंच चाललंय. टीकाही झाली, नाही असं नाही. चित्रातलं कुटुंब ग्लास उंचावतंय आणि त्यात एका लहान मुलालाही वाइन पाजतायत, म्हणून दारूबंदीवाले खवळले होते. पण कार्डाला थुंकी लावून पाहिल्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

आता कालची गोष्ट. रात्री काकांचा मेसेज आला. आधी हात जोडलेली चित्रं, मग मजकूर: धाकट्याने नवीन घर घेतलंय, सगळ्यांना नवा पत्ता कळवायचा आहे, तर तू परवा केलं होतंस तसली साठ-सत्तर कार्डं करून दे. फुलं जरा मोठी घे. शाई पक्की वापर. अक्षरं तुटू देऊ नकोस. रविवारपर्यंत चालेल.

पैशांचा उल्लेख नव्हता. घरच्यांत कसले पैसे! कोल यांच्याही हाताशी वेळ नव्हता, पण त्यांनी निदान मित्राला कार्ड रविवारी मागितलं नसावं.

मी बराच वेळ 'हो काका' लिहून पुसत बसले. नवरा म्हणाला, "करून टाक ना, ठसे तर आहेतच घरात." (त्याचा हिशेब आता आणखी वाढलाय.) शेवटी मी लिहिलं: "काका, ठसे, शाई, कागद सगळं तयार आहे. नुसता ठसाच तर मारायचा असतो. शनिवारी सकाळी तुम्हीच या, मी दाखवते, दिवसभरात होऊन जातील."

उत्तर लगेच आलं.

"अगं, मला कुठे एवढा वेळ आहे?"