फिन्सबरीच्या मतदारांना कुणी विसरू नये

लंडनच्या बरोंबद्दलचा एक मजकूर मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुन्हापुन्हा येतो. बरो म्हणजे तिथली नगरपालिका. लंडनमध्ये अशा ३२ आहेत. शब्द दर वेळी थोडे बदलतात, पण सांगणं एकच असतं. गोऱ्या मतदारांनी भारतीयाला कधी निवडून दिलं नाही. आपली वस्ती वाढली तेव्हाच आपल्याला जागा मिळाल्या. परक्या नागरिकांना मत देण्याचा कायदा मतपेढीसाठी अलीकडेच झाला. आणि आता महापौर आपला, म्हणजे कारभार आपल्या हातात. कुणी हे अभिमानाने पाठवतं, कुणी भीती घालायला. मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो, कारण यात ज्यांनी खरोखर काम केलं ती माणसं पुसली जातात.

पहिला मुद्दा, ‘कधी निवडून दिलं नाही’. मध्य लंडनमध्ये फिन्सबरी नावाचा छोटा बरो होता. घड्याळं बनवणारे, छापखान्यातले कामगार, दाटीवाटीची घरं, १९३१ साली जेमतेम सत्तर हजार वस्ती. याच भागाने १८९२ मध्ये दादाभाई नौरोजींना अगदी मोजक्या मतांनी का होईना, संसदेत पाठवलं होतं. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेले, मुंबई महापालिकेतही बसलेले आपले दादाभाई. पण खासदारकी बाजूला ठेवू, मुद्दा पालिकेचा आहे. १९३४ च्या बरो निवडणुकीत फिन्सबरीने डॉ. चुनीलाल कटियाल यांना नगरसेवक केलं. मूळचे पंजाबचे, लाहोरला वैद्यकी शिकलेले. गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची १९३१ मधली भेट झाली ती याच डॉक्टरांच्या कॅनिंग टाऊनमधल्या घरी. १९३८ मध्ये ते फिन्सबरीचे महापौर झाले. शेजारच्या सेंट पँक्रासमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ पासून १९४७ पर्यंत नगरसेवक होते, आणि तिथल्या वाचनालयांसाठी त्यांनी जीव तोडून काम केलं.

आता ‘आपली वस्ती होती म्हणून’. हा मुद्दा तर कायद्याच्याच अंगाने कोसळतो. १९४५ पर्यंत बरोच्या निवडणुकीत सरसकट सगळ्यांना मत नव्हतं. घर किंवा जागा स्वतःच्या मालकीची किंवा स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेली असावी लागे. मग नवरा-बायको दोघांना मत. फर्निचरसकट खोली घेऊन राहणाऱ्या बिऱ्हाडकरूला ते नव्हतं. शिकायला गेलेली आपली मुलं बहुतेक अशाच खोल्यांत राहत. म्हणजे फिन्सबरीत चार भारतीय असते तरी त्यांचं नाव यादीत येणं कठीण. कटियाल यांना मतं दिली ती तिथल्या इंग्रज कामगार कुटुंबांनी, मजूर पक्षाच्या लाटेत. पक्षाचा हात होताच, तो नाकारायचं कारण नाही. आज ब्रेंट किंवा हॅरोसारख्या बरोंत आपल्या लोकांच्या संख्येचा परिणाम दिसतो, हेही खरं. पण सुरुवात तिथून झाली नाही.

आणि त्या मतदारांना काय मिळालं, ते पाइन स्ट्रीटवर आजही उभं आहे. कटियाल पालिकेच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या आग्रहाने बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुरचनाकाराने फिन्सबरी हेल्थ सेंटर बांधलं, ते ऑक्टोबर १९३८ मध्ये उघडलं. दोन्ही बाजूंचे पंख पुढे आलेले, जणू हात पसरून कुणी ‘या’ म्हणतंय. दर्शनी भागात काचेच्या विटा, त्यामुळे आत भरपूर उजेड. अंधाऱ्या, ओल धरलेल्या खोलीतून आलेल्या बाईला तो उजेड काय वाटला असेल! क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, बायका-मुलांची तपासणी, सगळं एका छताखाली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती १९४८ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ १० वर्षांनी. कटियाल पुढे भारतात परतले आणि कामगार राज्य विमा महामंडळाचे, म्हणजे ईएसआयचे, पहिले महासंचालक झाले. आपल्याकडच्या कारखान्यांतल्या कामगाराच्या खिशातलं ईएसआय कार्ड आणि पाइन स्ट्रीटची ती इमारत यांच्यामध्ये हा एक माणूस आहे.

‘परक्यांना मत अलीकडेच दिलं’ हेही खोटं. भारतीय तेव्हा ब्रिटिश प्रजाजन होते, त्यामुळे अटी पुऱ्या केल्या तर मताचा आणि उमेदवारीचा हक्क होताच. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला जो करार झाला, त्यामुळे भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला आणि हा हक्क तुटला नाही. आज भारतीय पासपोर्टवर तिथे कायदेशीर राहणारा माणूस मत देतो, तो या जुन्या धाग्यामुळे. उलट अलीकडचा बदल हात आखडता घेणारा आहे: युरोपीय संघाच्या नागरिकांपैकी नव्याने येणाऱ्या बऱ्याच जणांचा इंग्लंडमधला पालिका मतदानाचा हक्क मे २०२४ पासून गेला.

महापौराबद्दल थोडक्यात. बरोचा महापौर बहुतेक ठिकाणी नगरसेवक आपल्यातून एका वर्षासाठी निवडतात. साखळी गळ्यात घालायची, सभा चालवायची, उद्घाटनं करायची, आपल्या महापौरासारखंच. कारभार बहुमतातल्या पक्षाचा नेता पाहतो. थेट लोकांनी निवडलेला महापौर ३२ पैकी फक्त ५ बरोंत आहे. संपूर्ण लंडनचा महापौर हे २००० पासूनचं वेगळंच पद. पण शोभेचं पदही फुकट मिळत नव्हतं: १९१३ मध्ये बॅटरसी या लंडनच्याच बरोत जॉन आर्चर हे कृष्णवर्णीय गृहस्थ महापौर झाले ते ४० विरुद्ध ३९ मतांनी.

हा आलेख सतत चढता आहे, असंही मी म्हणणार नाही. मुंबईत जन्मलेले खासदार शापूरजी सकलातवाला १९२९ मध्ये संसदेच्या निवडणुकीत बॅटरसीतून पडले. त्यानंतर भारतीय वंशाचा पुढचा खासदार थेट १९८७ मध्ये, लेस्टरमधून, गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ. मध्ये ५८ वर्षं. भारतातून माणसं मोठ्या संख्येने येऊ लागली ती याच काळात. वस्ती वाढली की जागा वाढतात, असं म्हणणाऱ्याने या ५८ वर्षांचा हिशेब द्यावा.