सर्व्हेअर आला म्हणजे कापायलाच आला!

इन्शुरन्स सर्व्हेअर, म्हणजे क्लेममधलं नुकसान मोजणारा, म्हणून गॅरेजमध्ये पाय ठेवला की स्वागत ठरलेलं: "आले कंपनीचे कापाकापीवाले." लायसन्स आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, पगार कुणाचाच नाही, केसमागे फी. पण ती फी कंपनीच देते, म्हणून लोकांना संशय येतो. तो अगदीच खोटा आहे असं मीही छातीठोकपणे म्हणणार नाही.

२३ सप्टेंबर २०२३ आठवतो? नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली. नंतर कितीतरी गाड्या टोचन करून गॅरेजला आल्या. सीटखाली बोटभर गाळ, दाराच्या आतल्या पॅडवर पाण्याची रेघ, एअर फिल्टरचा लगदा. मालक म्हणतो, "भाऊ, पाणी उतरल्यावर एकदाच सेल मारला न जी!" तिथंच घात झालेला. सिलिंडरमध्ये पाणी, कनेक्टिंग रॉड वाकलेला. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं; पाणी गेलेलं इंजिन चालू केल्यानं झालेली मोडतोड साध्या पॉलिसीत बहुतेक बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. हे सांगायचं कुणी? आम्ही. त्याच्या घरातला चिखल अजून निघालेला नसताना. आणि "कशाला उगाच प्रीमियम वाढवता" म्हणत ते कव्हर ज्या एजंटनं वगळायला लावलं, तो फोन उचलत नाही.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर प्लास्टिकच्या बंपरवर ५० टक्के कापले जातात, काचेवर काहीच कापलं जात नाही. एकाच धडकेत फुटलेल्या दोन वस्तूंचा असा हिशेब ऐकून माणूस भडकणारच.

दुकानांच्या आगीत तर भांडण ठरलेलं. समजा गांधीबागेत दुकानात माल २० लाखांचा, विमा १० लाखांचाच, जळाला ४ लाखांचा. मिळणार साधारण २ लाख, कारण निम्म्याच मालाचा विमा होता. "चार लाख दहाच्या आतच आहे न भाऊ!" हा प्रश्न बिनतोड वाटतो. समजावून सांगेपर्यंत शेजारचे दुकानदार जमलेले असतात, आवाज चढलेले. आणि थोडं मोकळ्या हातानं असेसमेंट केलं, की दुसऱ्या बाजूनं कंपनीचा मेल: एवढं कसं दिलं, खुलासा करा.

लोकही काही सगळे साधे नसतात, बरं का. जुना पोचा नव्या अपघातात घुसवणारे भेटतातच. पोच्यातला गंज मात्र त्यांना लपवता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, क्लेम फॉर्मवर पॉलिसी विकणाऱ्याचं नाव-नंबर ठळक छापा आणि सर्व्हेच्या दिवशी त्याला हजर ठेवा. मे महिन्यात, वाडीच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, जळक्या मालाची मोजणी चालू असताना. पार्टीच्या प्रश्नांना उत्तरं त्यानंच द्यावीत.